लघवीचं इन्फेक्शन पुन्हा पुन्हा होतंय, होऊच नये म्हणून काय करावं?

गिरणाकाठची:
नमस्कार मंडळी. विषय अवघड आहे पण लाजून किती दिवस काढणार म्हणून धागा काढतेय. माझी आई चाळीसगाव तालुक्यात गावी राहते, वय ६२, शुगर नाही, बीपीची एक गोळी चालू. गेलं वर्षभर तिला लघवीचं इन्फेक्शन होतंय, बरं होतं, परत होतं. जळजळ, सारखं जावंसं वाटतं आणि गेलं की थेंबभर, ओटीपोटात कळ, रात्रीची झोप तर गेलीच. तिकडचे डॉक्टर लघवी तपासतात, पस सेल्स आहेत म्हणतात, पाच दिवसांच्या गोळ्या देतात, दोन-तीन दिवसांत बाई ठणठणीत, आणि दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. दरवेळी गोळीचं नाव बदलतं, बाकी काही बदलत नाही. आता तर ती म्हणते उन्हाळी लागली असेल, सब्जा पिऊन बघते, डॉक्टर नको.

मला गोळ्यांची नावं नकोयत. हे होऊच नये म्हणून काय करता येतं ते सांगा, आणि "पाणी जास्त प्या" याच्या पलीकडे काही आहे का. कारण पाणी प्या हे तिला सगळ्यांनी सांगून झालंय. ती का पीत नाही ते कुणी विचारत नाही. संडास घराच्या मागे, अंगण ओलांडून, रात्री अंधार, कुत्री, त्यात गुडघे दुखतात, म्हणून संध्याकाळी पाचनंतर ती पाण्याला हातच लावत नाही.

नंदुरबारी_मिरची:
ताई आमच्या घरी आजीपासून एकच उपाय, धने-जिरे रात्री भिजत घालायचे आणि सकाळी ते पाणी गाळून प्यायचं. जवाचं पाणी पण चांगलं. गोखरूचा काढा आमच्या सासूबाई घेतात. आणि तिखट बंद करा काही दिवस, शेवभाजी, ठेचा, सगळं. आपल्याकडे तिखट खाऊनच हे वाढतं असं मला वाटतं.

दवाखान्यातून:
मी धुळ्यात स्त्रीरोगाची प्रॅक्टिस करते, रोज या तक्रारीच्या बाया बघते, म्हणून सविस्तर लिहिते.

६ महिन्यांत २ वेळा किंवा वर्षात ३ वेळा झालं की त्याला वारंवार होणारं इन्फेक्शन म्हणतात, आणि मग नुसता दरवेळचा कोर्स देऊन भागत नाही, कारण शोधावं लागतं. तुमच्या आईंचं त्यात बसतंय. बायकांना हे जास्त होतं कारण लघवीची नळी जेमतेम ४ सेंटीमीटरची असते, पुरुषांची २० च्या आसपास. आणि बहुतेक वेळा जंतू बाहेरून कुठून येत नाही, आपल्याच आतड्यातला ई. कोलाय असतो, शौचाच्या जागेकडून पुढे सरकतो. म्हणून धुताना हात पुढून मागे न्यायचा, मागून पुढे नाही, आणि लहान मुलींना पण तेच शिकवायचं. फक्त एवढंच चुकतं म्हणून बाईला इन्फेक्शन होतं असं मात्र कुणी समजू नये, अगदी स्वच्छ राहणाऱ्या बायांना पण होतं, आणि त्यांना "स्वच्छता ठेवा" म्हणून सोडून देणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

६२ वय म्हटल्यावर मी पहिली गोष्ट विचारेन ती पाळी जाऊन किती वर्षं झाली. पाळी गेली की इस्ट्रोजेन कमी होतं, योनीमार्गाची त्वचा पातळ आणि कोरडी होते, तिथे राहणारे चांगले जंतू, लॅक्टोबॅसिलस, ते कमी होतात, आम्लता जाते आणि ई. कोलायला रान मोकळं मिळतं. यावर इस्ट्रोजेनची जागेवर लावायची क्रीम असते. १९९३ साली याचा अभ्यास छापून आला, पाळी गेलेल्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या बायांवर केलेला. क्रीम लावणाऱ्यांना वर्षाला सरासरी ०.५ वेळा इन्फेक्शन झालं, नुसती औषध नसलेली क्रीम लावणाऱ्यांना ५.९ वेळा. इतका फरक. तरी माझ्याकडे येणाऱ्या साठीच्या बायांपैकी बहुतेकींना हे कुणी सांगितलेलंच नसतं, अँटिबायोटिकचे कागद मात्र पिशवीभर असतात.

मिरचीताई, तिखटाने जंतू येत नाहीत. जळजळ चालू असताना तिखट आणि जास्त चहाने काहींना त्रास वाढतो, तेव्हा कमी करा, एवढंच. धने-जिऱ्याचं पाणी प्या, पोटात पाणीच जातंय. पण ताप, थंडी वाजणं, कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलटी यातलं काही असेल तर काढा करत बसायचं नाही, इन्फेक्शन किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं, त्याच दिवशी दवाखाना. गरोदर बाईने तर साध्या जळजळीला पण थांबायचं नाही.

लॅबवाला_भुसावळ:
डॉक्टर मॅडमनी कारण शोधा म्हटलं, त्याची सुरुवात आमच्याकडून होते म्हणून लिहितो. पस सेल्स दिसल्या म्हणजे जळजळ कुठेतरी आहे एवढं कळतं, जंतू कोणता आणि त्याला कोणती गोळी लागू पडते हे कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, केल्याशिवाय कळत नाही. आणि कल्चरचं सॅम्पल गोळीचा पहिला डोस पोटात जायच्या आधी द्यायचं. आमच्याकडे अर्धे पेशंट दोन दिवस गोळ्या खाऊन फरक पडला नाही म्हणून येतात, मग कल्चरमध्ये काही उगवत नाही आणि घरचे म्हणतात लॅब खोटी.

सॅम्पल कसं द्यायचं हे काऊंटरवर कोणी नीट सांगत नाही म्हणून इथे सांगतो. आधी हात साबणाने धुवा. जागा साध्या पाण्याने धुवा, डेटॉल वगैरे नको. बायकांनी दोन बोटांनी जागा उघडी धरायची, पहिली धार सोडून द्यायची, मधली धार डबीत, शेवटची परत बाहेर. डबीचं झाकण उघडून जमिनीवर उलटं ठेवायचं नाही, आतल्या बाजूला बोट लावायचं नाही. डबी लॅबकडूनच घ्या, निर्जंतुक असते, घरातली जामची किंवा औषधाची बाटली कितीही उकळली तरी नको. अंगावरून पांढरं जात असेल किंवा पाळी चालू असेल तर तसं सांगा.

आणि आपल्याकडची सगळ्यात मोठी भानगड म्हणजे ऊन. ई. कोलाय अंगाच्या तापमानाला २० मिनिटांत दुप्पट होतो. यावल-रावेरकडून मे महिन्यात डबी पिशवीत टाकून बसने दोन-तीन तास आणली तर वाटेतच आत जत्रा भरलेली असते, खरं किती होते ते कुणाला सांगता येत नाही. दोन तासांच्या आत पोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या पिशवीत घालून आणा. सगळ्यात बरं म्हणजे लॅबमध्ये येऊन तिथेच द्या.

रिपोर्टमध्ये एपिथेलियल सेल्स भरपूर लिहिल्या असतील किंवा दोन-तीन प्रकारचे जंतू मिसळून आले असतील तर ते बहुतेक कातडीवरचं मिसळलेलं असतं, परत सॅम्पल द्या, त्यावरून गोळ्या सुरू करू नका. आणि पस सेल्स दरवेळी आहेत पण कल्चर दरवेळी कोरं येतंय असं होत असेल तर डॉक्टरांना टीबीचं विचारा. लघवीच्या मार्गाचा टीबी असतो आणि तो साध्या कल्चरमध्ये दिसत नाही.

गिरणाकाठची:
बापरे, एवढी माहिती एका दिवसात मिळाली. लॅबवाले दादा, आईचं कल्चर एकदाही झालेलं नाही, आताच विचारून घेतलं. डॉक्टर मॅडम, क्रीमचं ऐकून आई म्हणाली या वयात तिथे क्रीम कसली लावायची, लोक काय म्हणतील. आणि हार्मोन म्हटल्यावर कॅन्सरची भीती, ती तर मला पण वाटते.

दवाखान्यातून:
भीती वाटणं साहजिक आहे. पोटात घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्या वेगळ्या, ही जागेवर लावायची अगदी कमी डोसची, रक्तात फारच थोडी जाते. साधारण पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. पण ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालेला आहे त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावायची नाही, आणि पाळी गेल्यावर परत अंगावरून रक्त जात असेल तर आधी त्याची तपासणी. फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आठवड्यात गुण नाही म्हणून सोडू नका. आईंना म्हणावं डोळ्यात थेंब टाकतो तसंच हे औषध आहे. आणि लोकांना सांगायचंच कशाला.

एक विचारते, आई जळजळीचं गोड सिरप घेतात का? ते बऱ्याच घरात असतं. त्याने लघवीची आम्लता कमी होते आणि आग कमी झाल्यासारखी वाटते, जंतू मरत नाहीत. आग थांबली म्हणून लोक कोर्स अर्धा सोडतात, तसं करू नका.

वावरातली_ताई:
मी शिरपूरकडची. पाणी प्या हे बायांना कळत नाही असं नाही, हे गिरणाकाठच्या ताईंनी लिहिलं ते वाचून राहवलं नाही. आमच्याकडे कापूस वेचणीला बाया सकाळी आठला वावरात येतात त्या पाचला घरी. दिवसभर जायला जागा नाही. कपाशी छातीएवढी असली तरी बाजूच्या वावरात माणसं पाणी भरत असतात, बांधावरून मोटारसायकली जातात. बाया काय करतात, सकाळी घरून निघताना जाऊन येतात आणि मग दुपारच्या भाकरीसोबत दोन घोट, बस. ऑक्टोबरच्या उन्हात. घरी जाईपर्यंत लघवी पिवळीजर्द आणि आग. आमच्या एका मजुरीन वहिनीला तर ताप भरून सलाईन लावायची पाळी आली.

त्यानंतर मी नवऱ्याच्या मागे लागले. केळीच्या रोपांवरची जुनी हिरवी शेडनेट घरात पडलेली होती. वावराच्या कोपऱ्यात चार बांबू रोवले, नेट गुंडाळली, दाराला जुनं लुगडं लावलं, आत खड्डा, दोन विटा, बाजूला पाण्याची कळशी आणि पाणी घ्यायला मग. एवढंच. पहिल्या दिवशी कुणी जाईना, सगळ्या एकमेकींकडे बघून हसत होत्या. मग सगळ्यात म्हातारी आजी उठली आणि म्हणाली, "लाजी लाजी मरश्यात का", आणि गेली. त्या दिवसापासून पाण्याचे दोन हंडे पण पुरेनात. आता बाया स्वतःहून विचारतात, तुमच्या वावरात ते आहे ना, मग आम्ही येतो.

तिकीट_तिकीट:
ताई तुम्हाला हात जोडून नमस्कार. मी एसटीत वाहक आहे, धुळे-नंदुरबार बाजूला. आमचंही तेच, फक्त वावराच्या जागी बसस्टँड. एका ठिकाणचं स्वच्छतागृह तर असं की दाराला कडी नाही, आत नळाला पाणी नाही, मैत्रीण बाहेर उभी राहिली तरच जायचं. त्यामुळे नवीन लागलेल्या मुली पाणीच सोडतात. मी त्यांना सांगते सोडू नका, वेळ बसवा. गाडी लागायच्या आधी जाऊन यायचं, सुटल्यावर घोट घोट, शेवटच्या स्टॉपच्या आधी अर्धा तास जास्त, म्हणजे उतरलं की जाता येतं. पिशवीत पाण्याची छोटी वेगळी बाटली धुण्यासाठी. आणि लघवी आली की दाबून धरायची नाही, गाडी दोन मिनिटं उशिरा सुटली तरी चालेल, ड्रायव्हरदादांना सांगून ठेवलंय.

पण एक विचारायचंय, किती पाणी प्यायचं नेमकं? कुणी दोन लिटर म्हणतं, कुणी पाच.

दवाखान्यातून:
पाच लिटरची गरज नाही. याचा एक चांगला अभ्यास २०१८ साली आला. कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या १४० बायका घेतल्या, सगळ्या पाळी चालू असलेल्या वयाच्या. निम्म्या जणींना नेहमीपेक्षा रोज १.५ लिटर जास्त प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. म्हणजे जवळपास निम्म्यावर, कुठलंही औषध न घेता. साधी खूण म्हणजे लघवी फिकी पिवळी दिसली पाहिजे. आपल्या उन्हात घामातच इतकं जातं की वावरात काम करणाऱ्या बाईला घरात बसणाऱ्या बाईपेक्षा जास्त लागणार. हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल आणि डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं असेल तर मात्र आपल्या मनाने वाढवायचं नाही.

अमळनेरकर:
आमच्या वडिलांना पण हेच, वय ७०, धार बारीक झालीय, रात्री चार-पाच वेळा उठतात. हा धागा बायकांचा आहे पण विचारून घेतो.

दवाखान्यातून:
दादा, पुरुषांमध्ये लघवीचं इन्फेक्शन झालं की कारण शोधायलाच हवं, वारंवार व्हायची वाट बघू नका. बारीक धार म्हणजे प्रोस्टेट वाढलेली असू शकते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही आणि साचलेल्या लघवीत जंतू वाढतात. सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर आत किती उरते ते बघायला सांगा. मूतखडा आहे का तेही त्यातच कळेल. युरॉलॉजिस्टला दाखवा.

निनावी_१:
लग्नाला सहा महिने झाले, तेव्हापासून मला होतंय. आधी कधीच नव्हतं. संबंधानंतर एक-दोन दिवसांत सुरू होतं. सासरी कुणाला सांगू शकत नाही, नवऱ्याला वाटतं माझ्यातच काही दोष आहे.

दवाखान्यातून:
बाळा, तुझ्यात काही दोष नाही आणि त्याच्यातही नाही. हा लैंगिक आजार नाही. संबंधाच्या वेळी जवळपासचे जंतू नळीत ढकलले जातात, तरुण मुलींमध्ये हे सगळ्यात नेहमीचं कारण. संबंधानंतर लगेच लघवीला जाऊन यायचं, याने नुकसान काही नाही आणि बऱ्याच जणींना फरक पडतो. शुक्राणू मारणारी जेली किंवा तसला कंडोम वापरत असाल तर बदला, त्याने चांगले जंतू मरतात आणि इन्फेक्शन वाढतं. सुगंधी वॉश, आतून धुणं, हे सगळं बंद. तरी थांबलं नाही तर संबंधानंतर एकच छोटा डोस घ्यायची पद्धत असते, पण ती डॉक्टरांनी कल्चर बघून ठरवायची. नवऱ्याला सोबत घेऊन जा, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं.

सुवर्णनगरी_जळगाव:
क्रॅनबेरीच्या गोळ्यांचं काय? मेडिकलवाल्याने डी-मॅनोज की काय त्याची पुडी पण दिली आहे, चांगलीच महाग आहे. आणि माझी शुगरची नवीन गोळी सुरू झाल्यापासून खाली खाज येऊन राहिली, त्याचा संबंध आहे का?

दवाखान्यातून:
क्रॅनबेरीने वारंवार होणाऱ्या बायकांमध्ये थोडा फायदा होतो असं २०२३ च्या मोठ्या आढाव्यात दिसलंय, साधारण पाव भागाने धोका कमी. परवडत असेल तर घ्या, नाही घेतली तरी काही अडत नाही. डी-मॅनोजचा २०२४ मध्ये इंग्लंडकडे मोठा अभ्यास झाला, त्यात साध्या साखरेपेक्षा काही फायदा दिसला नाही, ते पैसे वाचवा. मेथेनामाइन नावाचं जुनं औषध आहे, ते अँटिबायोटिक नाही, आम्लधर्मी लघवीत जंतू मारतं, आणि २०२२ च्या अभ्यासात ते रोजच्या छोट्या अँटिबायोटिक डोसच्या तोडीचं निघालं. ते कुणाला द्यायचं, मिळतं का, हे तुमच्या डॉक्टरांशी बोला, आणि ते घेताना वर लिहिलेलं गोड सिरप घ्यायचं नाही.

शुगरच्या गोळीचा संबंध असू शकतो. नावाच्या शेवटी "ग्लिफ्लोझिन" असलेल्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात, त्यामुळे खाली बुरशीचं इन्फेक्शन होऊन खाज येते. गोळी स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिली त्यांना सांगा. लाल रेघ असलेल्या पट्टीतल्या गोळ्या मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय घेऊ नका हे सगळ्यांनाच सांगते, उरलेल्या शेजारणीला देऊ पण नका.

गिरणाकाठची:
थोडं सांगायला आले. आईला जळगावला आणलं, गोळी न घेता कल्चर दिलं, लॅबमध्येच. ई. कोलाय निघाला आणि आधी दिलेल्या गोळ्यांपैकी दोन रिपोर्टमध्ये सरळ रेझिस्टंट. आता जी लागू पडते ती दिली, लघवी गडद पिवळी होईल घाबरू नका असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर आईने बंदच केली असती. सोनोग्राफी व्यवस्थित आहे, खडा नाही, लघवी उरत नाही. क्रीम सुरू केलीय, आठवडाभर कुरकुर केली, आता स्वतःच लावते.

भावाने मागच्या दाराला बल्ब लावला आणि रात्रीसाठी आईच्या खोलीत खुर्चीचा कमोड आणला. आधी नको नको म्हणत होती, खोलीत घाण कशाला. आता संध्याकाळी तांब्या भरून जवळ ठेवते. बद्धकोष्ठाचा पण त्रास होता, तोही यात भर घालतो म्हणे, त्याचं औषध दिलंय. डॉक्टर मॅडम, एक शंका, त्रास गेल्यावर जंतू गेले का हे बघायला पुढच्या महिन्यात परत कल्चर करू का?

दवाखान्यातून:
करू नका. त्रास नसेल तर कल्चरची गरज नाही. या वयात बऱ्याच बायकांच्या लघवीत जंतू नुसते बसलेले असतात, काही त्रास देत नाहीत, आणि त्यांना मारायला गोळ्या दिल्या तर उलट पुढच्या वेळी गोळी लागू पडत नाही. गरोदरपण आणि लघवीच्या मार्गाचं ऑपरेशन, एवढे दोन प्रसंग सोडले तर नुसत्या रिपोर्टवर औषध नको. परत जळजळ झाली की मात्र गोळीआधी डबी.

गिरणाकाठची:
बरं झालं विचारलं, रद्द करते. वावरातल्या ताई, तुमचं ते नेटचं आमच्या वावरात पण करायचंय, वेचणी सुरू व्हायच्या आत. किती नेट लागली?

वावरातली_ताई:
चार बाय चार फुटाचा चौकोन केला तर १६ फूट, दारावर एकमेकावर यायला ३ फूट जास्त धरा. उंची ६ फूट. नेट दुहेरी लावा, एकेरीतून उन्हात आरपार दिसतं. बांबू दीड-दोन फूट जमिनीत पाहिजे, वारा सुटला की आडवं होतं. आणि विहिरीपासून लांब करा, उताराच्या बाजूला. फोटो उद्या टाकते.